आळेफाट्याला गाव आहे का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर ‘आळेफाटा म्हणजे गाव, की नुसती एस.टी.ची चहाला थांबायची जागा?’ हा प्रश्न पुण्यात इतकेदा ऐकलाय की हल्ली मान डोलावून सोडून देतो.

गाव आहे, त्याचं नाव आळे. फाटा त्याच्या शिवारातला, पण धाकट्याचंच नाव मोठं झालं. पुणे-नाशिक (जुना 50 नंबर, आता 60) आणि कल्याण-नगर (222 चा झाला 61) हे दोन हमरस्ते इथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे आमच्याकडे पत्ता सांगताना पूर्व-पश्चिम कुणी म्हणत नाही. दुकान ‘नगरच्या अंगाला’ असतं, नाहीतर ‘कल्याणच्या’.

कल्याणचा रस्ता माळशेज उतरतो. त्याच्याही आधी कोकणातला माल शेजारच्या नाणेघाटातून जुन्नरला चढायचा. सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख तिथल्या लेण्यात आहे, आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण. त्यात जकात टाकायचे म्हणतात.

आळ्याची ओळख मात्र वेगळी. इथे समाधी आहे ती रेड्याची! पैठणला ज्ञानोबांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा आळंदीकडे परतताना इथे मरण पावला आणि भावंडांनी त्याला इथेच समाधी दिली, असं सांगतात. चैत्रात मोठी यात्रा भरते. म्हणजे आमचं तीर्थसुद्धा एका वाटसरूचंच.

आताचा फाटा बघायचा तर कांद्याच्या लिलावाला या. उपबाजारात पिशव्यांच्या थप्प्या लागतात. व्यापारी पिशवी फोडतो, चार कांदे हातावर खेळवतो, एकाची पत्ती, म्हणजे वरची साल, चोळून बघतो आणि भाव बोलतो, तो दहा किलोला. क्विंटलमध्ये विचार करणारा नाशिककडचा पाहुणा क्षणभर गडबडतोच. गोळा म्हणजे मोठ्या कांद्याला एक भाव, गोल्टीला, म्हणजे बारक्याला, त्याच्याखाली, आणि बदल्याचा, म्हणजे हलक्या मालाचा, भाव पुकारला की शेतकरी दुसरीकडे बघतो. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, हातात पडली की तोच माणूस समोर मिसळ खातो, खताच्या दुकानाची उधारी देतो आणि उरलं तर पोरीला चपला घेतो. फाट्यावरची निम्मी दुकानं त्या पट्टीवर चालतात. चहाला उतरणाऱ्या तुमच्यावर नाही, रागावू नका.

गंमत म्हणजे मुंबईत भेटलेला शेजारच्या राजुरी गावचा किंवा बेल्ह्याचा माणूसही ‘आळेफाट्याचा’ म्हणून सांगतो. आणि आळ्यातली म्हातारी माणसं अजून परगावी निघाल्यासारखी टोपी झटकून म्हणतात, ‘जरा फाट्याला जाऊन येतो.’