सायकल ट्रॅकचं भांडण खरं तर पार्किंगचं आहे

आमच्या भागात सध्या दोन तट पडलेत. पुण्याच्या पश्चिमेकडचा चोवीस मीटर रुंदीचा डीपी रोड, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता, दोन्ही बाजूंना सोसायट्या, खाली दुकानं, आणि आता त्या रस्त्याला दोन्हीकडून सायकल ट्रॅक करायचा प्रस्ताव आलाय. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत वाद चालू असतो, भाजीच्या गाडीपाशी दोन माणसं थांबली तरी हाच विषय, आणि शेजारच्या बिल्डिंगमधले एक काका, जे एरवी माझी चौकशी केल्याशिवाय पुढे जात नाहीत, ते गेले काही दिवस माझ्याकडे बघून नुसती मान हलवतात कारण त्यांना माहितीये मी ट्रॅकच्या बाजूने आहे.

मी बाजूने आहेच, आणि का आहे ते एकदा सविस्तर लिहायचं होतं, कारण ग्रुपवर चार ओळी लिहिल्या की पाचवी ओळ येईपर्यंत कुणीतरी गुड नाईट पाठवतं.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं तीन प्रकारचं आहे. पहिलं, सायकल चालवतंय कोण? दुसरं दुकानदारांचं, गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक पुढे निघून जाईल. आणि तिसरं ज्येष्ठांचं, की सायकल ट्रॅकच्या नावाखाली आमचा फुटपाथ जाणार. या तिसऱ्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, त्यावर पुढे येते.

आधी पहिलं. सायकल चालवतंय कोण हा प्रश्न पुण्यात विचारला जातो याचंच मला वाईट वाटतं. माझे वडील खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते, शिफ्ट सुटली की गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि तो पार होईपर्यंत बाकीच्यांना थांबायला लागायचं. तेव्हा सायकलला दिवा नसला, डबलसीट बसवलं तर पोलीस पकडायचे, एवढी सायकल हे शहराचं मुख्य वाहन होतं. कॉलेजला सायकल, लग्नाच्या खरेदीला सायकल, तासावर भाड्याने सायकल देणारी दुकानं पेठेपेठेत. मग स्कूटर आली, मोपेड आल्या, शहर हडपसरपासून वारज्यापर्यंत पसरलं, बस त्या मानाने वाढल्या नाहीत, आणि लोकांनी कर्ज काढून टू-व्हीलर घेतल्या. २०१८ मध्ये तर बातमीच आली की पुण्यात माणसांपेक्षा नोंदणी झालेल्या गाड्या जास्त झाल्या, पस्तीस लाख लोकांमागे छत्तीस लाख गाड्या. लोकांना सायकलचा कंटाळा आला म्हणून हे झालं नाही. रस्त्यावर सायकलला जागाच उरली नाही, म्हणून झालं.

आणि आजही चालवतायत बरं का लोक. पहाटे साडेपाचला बाल्कनीत उभं राहून बघा. पेपरवाली मुलं, दूधवाले, मागच्या कॅरिअरला इडलीचा डबा बांधून भोंगा वाजवत जाणारे अण्णा, नाईट ड्युटी संपवून घरी जाणारे वॉचमन, सात वाजता बांधकामाच्या साइटकडे निघालेले कामगार, हँडलला जेवणाचा डबा लटकवलेला. मग शाळेची मुलं. आमच्या बिल्डिंगचे वॉचमन दादा नांदेडकडचे आहेत, टेकडीपलीकडच्या वस्तीतून रोज सायकलने येतात, महिन्याला पेट्रोलचे दोन-अडीच हजार वाचतात म्हणून गावाला पैसे जातात असं त्यांनी मला स्वतः सांगितलंय. यातला एकही माणूस या प्रस्तावावर झालेल्या सोसायट्यांच्या मीटिंगला नव्हता, कारण बोलावलंच नव्हतं कुणी. ‘कोण चालवतंय’ असं ज्या हॉलमध्ये विचारलं गेलं त्याच हॉलच्या भिंतीला बाहेरून तीन सायकली टेकवलेल्या होत्या, खुर्च्या मांडणाऱ्या आणि चहा देणाऱ्या पोरांच्या. मी उठून ते सांगितलं तर उत्तर आलं, मॅडम ते वेगळं, आपण रेसिडेंट्सबद्दल बोलतोय. मला ते फार लागलं. रस्ता कुणा एका सोसायटीचा नसतो हो, त्या रस्त्यावरून जो जातो त्या सगळ्यांचा असतो.

आता विरोध करणाऱ्यांची एक गोष्ट मान्य करायलाच पाहिजे, ती म्हणजे पुण्याचा आजवरचा अनुभव. २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं, त्यात स्वच्छ म्हटलंय की रस्त्याची जागा गाड्यांना नाही, माणसांना वाटायची. त्याच सुमाराला जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर सुधारणा योजनेचा पैसा आला, सातारा रोड आणि सोलापूर रोडला बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, झाली आणि तिच्यासोबत सायकल ट्रॅकही झाले. पण झाले कसे? जुन्या ट्रॅकवरून जाऊन बघा. पेव्हर ब्लॉक उचकटलेले, मध्येच झाड, मध्येच विजेची पेटी, मध्येच बस स्टॉप, प्रत्येक सोसायटीच्या गेटला ट्रॅक खाली उतरतो आणि परत वर चढतो, म्हणजे कंबरेचे हाल, आणि कुठे पाच-पन्नास मीटर बरा मिळाला तर तिथे टेम्पो उभा. आणि चौक आला की ट्रॅक संपतो! म्हणजे जिथे डावीकडे वळणारी बस, सिग्नल तोडणारी बाईक आणि मधूनच घुसणारी रिक्षा हे सगळं एकत्र येतं, जिथे खरी भीती वाटते, बरोब्बर तिथेच तुम्हाला सोडून दिलेलं असतं. असल्या ट्रॅकवर कोण जाणार? मीही जात नाही, मी रस्त्यावरूनच जाते, आणि मग मागचा कारवाला हॉर्न देऊन सांगतो ट्रॅक केलाय की तुमच्यासाठी.

डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, तेव्हाही विरोध बराच झाला होता. सुमारे आठशे किलोमीटरचं जाळं, तीनशे कोटींच्या वर खर्च, असं सगळं कागदावर. भाड्याच्या पिवळ्या, केशरी सायकली आल्या आणि गेल्या. जाळं मात्र झालं नाही, तुकडे झाले. आणि तुकड्यांवर कुणी दिसत नाही म्हणून सायकलला मागणीच नाही असा निष्कर्ष काढायचा हे मला अजिबात पटत नाही. नदीवर अर्धाच पूल बांधला आणि त्यावरून कुणी जात नाही म्हणून सांगितलं की लोकांना पलीकडे जायचंच नाहीये, तर चालेल का?

मुंबईचं बीकेसी घ्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, सगळी ऑफिसं असलेला भाग. २०११ च्या सुमाराला एमएमआरडीए या मुंबईच्या विकास प्राधिकरणाने तिथे सायकल ट्रॅक बांधला, आतल्या आत फिरणारा, जवळपास तेरा किलोमीटर. पण बीकेसीत काम करणारा माणूस येतो कुठून? वांद्रे स्टेशन, कुर्ला स्टेशन, सायन. तिथून बीकेसीपर्यंत सायकलने यायला सुरक्षित रस्ता नाही, मग आतल्या ट्रॅकचं करायचं काय? त्यावर गाड्या लागल्या, बाईकवाले शॉर्टकट मारायला लागले, आणि शेवटी २०२५ मध्ये ठरलं की ट्रॅक काढून टाकायचा आणि तीच जागा गाड्यांच्या रस्त्यात घ्यायची. बांधायला पैसे, काढायला परत पैसे. आमच्या ग्रुपवर ती बातमी विजयाच्या थाटात टाकली गेली, बघा मुंबईनेसुद्धा काढला म्हणून. मी त्या बातमीतून नेमकं उलटं शिकले. अर्धवट करू नका. स्टेशनपर्यंत, शाळेपर्यंत, मंडईपर्यंत सलग न्या, नाहीतर करूच नका.

आता दुकानदारांचं म्हणणं, आणि इथेच खरी गाठ आहे. चोवीस मीटर रस्त्याचा हिशोब मी कागदावर मांडून बघितला. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर फुटपाथ, मध्ये डिव्हायडर, येण्याजाण्याच्या दोन-दोन लेन, आणि दोन्ही कडेला पार्किंगची पट्टी. उभी केलेली कार दरवाजे उघडण्याच्या जागेसकट अडीच मीटर खाते. म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून पाच मीटर जागा दिवसभर उभ्या गाड्यांखाली आहे, त्यातल्या कितीतरी अशा आहेत की ज्यांच्यावर धूळ बसलीये, एकीच्या वायपरमध्ये पिंपळाची पानं अडकून वाळलीयेत. सायकलला एका बाजूला दोन मीटर पुरतात, आरामात, एकमेकांना ओलांडूनसुद्धा जाता येतं. म्हणजे ट्रॅकला जागा आहे. चालत्या गाडीची एक इंचही घ्यावी लागत नाही आणि फुटपाथचीही नाही. फक्त उभी गाडी उचलावी लागते, आणि तिथेच सगळ्यांचा आवाज चढतो.

म्हणून मी म्हणते की हे भांडण सायकलचं नाहीच. २०१८ मध्ये महापालिकेचं पार्किंग धोरण आलं होतं आठवतंय? रस्त्यावर गाडी लावायचे तासाला पैसे. एवढा विरोध झाला की ते पाच रस्त्यांपुरतं प्रायोगिक करू असं ठरलं, आणि तेही रेंगाळलं. आज या बाजूला, उद्या त्या बाजूला गाडी लावा सांगणाऱ्या पी-वन पी-टूच्या पाट्या तेवढ्या आहेत. दोन बेडरूमच्या फ्लॅटला तीन गाड्या आणि सोसायटीत पार्किंग एक, मग बाकीच्या दोन रस्त्यावर, फुकट, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. पथारीवाल्याने तेवढ्याच जागेत चादर टाकली तर अतिक्रमणची गाडी येते. माणसाने पोटासाठी चार तास जागा घेतली तर ते अतिक्रमण आणि कार महिनाभर उभी राहिली तर तो हक्क, हे बरोबर नाही, आणि हे मी मीटिंगमध्येही बोलले.

दुकानदारांशी मात्र माझं वैर नाही, त्यांची भीती खरी आहे, धंदा त्यांचा आहे. पण माझ्या नेहमीच्या स्टेशनरीवाल्या दादांना मी विचारलं की दुकानासमोर आत्ता ज्या दोन गाड्या लागल्यात त्यातलं तुमचं गिऱ्हाईक कोण? ते म्हणाले एक वरच्या क्लिनिकवाल्यांची आहे आणि एक त्यांची स्वतःची. माल उतरवायला सकाळी ठरावीक वेळ टेम्पोला जागा द्या, गल्लीच्या तोंडाशी टू-व्हीलरसाठी पट्टा आखा, हे सगळं करता येतं आणि करायलाच पाहिजे, त्यासाठी मी त्यांच्या बाजूने भांडायला तयार आहे.

आणि उन्हाचं काय, हाही प्रश्न येतोच, आपला देश थंड नाही वगैरे. माझे वडील ज्या एप्रिल-मेमध्ये खडकीला जायचे तो उन्हाळाच होता ना. आणि स्पेनमध्ये सेव्हिल म्हणून शहर आहे, उन्हाळ्यात तिथे पारा सहज चाळिशी गाठतो. तिथे २००६-०७ मध्ये जवळजवळ ऐंशी किलोमीटरचं जाळं एका झटक्यात केलं, एकमेकांना जोडलेलं, रस्त्यापासून वेगळं उचललेलं, आणि त्यासाठी साधारण पाच हजार पार्किंगच्या जागा काढल्या. रोज सहा-सात हजार सायकली चालायच्या त्या काही वर्षांत सत्तर हजारांवर गेल्या. विरोध तिथेही झाला. पण त्यांनी आधी चारशे मीटर करून बघू, लोक आले तर पुढचे चारशे, असं केलं नाही. सलग जाळं झालं म्हणून लोक आले.

राहिलं ज्येष्ठांचं. आमच्या प्रस्तावाच्या नकाशात एका पट्ट्यात, शाळेपासून बँकेपर्यंत, ट्रॅक फुटपाथवर रंग मारून दाखवलाय, म्हणजे त्याच अडीच मीटरमध्ये आजी-आजोबा, बाबागाड्या आणि सायकली. हे चूक आहे आणि मी त्याच्या विरोधात सही केलीये. सोसायटीतल्या आजी काठी घेऊन मंदिरात जातात, त्यांना मागून सायकलची घंटी ऐकून दचकायला लागू नये. पायी चालणाऱ्याची जागा काढून सायकलवाल्याला देणं म्हणजे दोन गरजू माणसांना आपसात भांडत ठेवणं, आणि तिसरा, ज्याच्याकडे सगळ्यात जास्त जागा आहे, तो बाजूला उभा. म्हणून मी ज्येष्ठ नागरिक संघातल्या काकांना सांगितलं की तुम्ही ट्रॅकला विरोध करू नका, त्या पट्ट्याला करा, मी तुमच्याबरोबर येते. ते अजून विचार करतायत.

आम्ही काही जणांनी मिळून लेखी सूचना तयार केल्यात. ट्रॅक पार्किंगच्या पट्टीतून काढा, फुटपाथला हात लावू नका. ट्रॅक आणि रस्ता यांच्यामध्ये पक्का कठडा हवा, नुसते प्लॅस्टिकचे बोलार्ड, म्हणजे छोटे खांब, नकोत कारण ते महिन्याभरात तुटतात. सोसायट्यांच्या गेटपाशी ट्रॅक खाली न उतरवता गाडीने चढून जायचं. दोन्ही चौकांत सायकलसाठी रंगवलेला पट्टा आणि सिग्नलला सायकली पुढे थांबतील अशी जागा, चौक सोडून ट्रॅक केला तर आम्हाला मान्य नाही. आणि पुलापलीकडच्या शाळेपर्यंत सलग, मुलं तिथूनच येतात.

पुढची मीटिंग रविवारी सकाळी दहाला आहे, त्याच हॉलमध्ये. सकाळची वेळ मुद्दाम मागून घेतली कारण नाईटवाले तेव्हा सुटलेले असतात आणि पेपरची लाइन संपलेली असते. वॉचमन दादा येतो म्हणालेत, सोबत साइटवरच्या दोघातिघांना आणतायत, इडलीवाल्या अण्णांनी धंद्याची वेळ आहे पण बघतो असं सांगितलंय. तुम्ही या भागात राहत असाल आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, ड्रायव्हर, इस्त्रीवाले दादा यांच्यापैकी कुणी सायकलने येत असेल तर त्यांना तासभर सुट्टी द्या आणि सोबत घेऊन या. बोलायला ते लाजले तर त्यांना विचारून त्यांचा रस्ता कागदावर काढून आणा, कुठून निघतात, कुठे भीती वाटते, कुठे उतरून सायकल हातात धरून चालायला लागतं. तो कागद मी सूचनांना जोडणार आहे.