शिकार नाही, मग असली कुत्री कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुमच्याआधी शेजारच्या काकूंनी विचारलं, ऑफिसात विचारलं, माहेरच्या लग्नात तर तिघांनी. गॅस आणणारा मुलगा फाटकापाशी थबकून म्हणाला, "शिकार करूंक मेळना, मागीर शिकारीचें सुणें कित्याक?" 1972 चा वन्यजीव कायदा शिकार करू देत नाही, मग गोव्यात, डिचोलीतल्या घरात जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर कशाला?

आधी एवढं ऐका. जाईच्या, म्हणजे माझ्या कुत्रीच्या, जातीचं पहिलं काम शोधण्याचं. एकोणिसाव्या शतकात जर्मन शिकाऱ्यांना एकाच कुत्र्याकडून सगळं हवं होतं: पक्षी हुडकायचा, जखमी जनावराचा माग काढायचा, पाण्यात पडलेलं बदक आणून द्यायचं. पक्ष्याचा वास आला की ती जागच्या जागी थिजते. शेपटी ताठ, नाक समोर, बहुतेक वेळा पुढचा एक पाय उचललेला. हा पॉइंट. जाई आठ आठवड्यांची होती तेव्हा गरीच्या काठीला कोंबडीचं पीस बांधून मी तिच्यासमोर नाचवलं, आणि तिने पाय उचलला. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी शिकवलं ते फक्त थांबून राहणं.

पहिल्या वर्षी मी तिला रोज दहा किलोमीटर पळवायचे. दमली की गप्प पडेल, असा माझा हिशेब. झालं उलटं. तिचा दम वाढला, आणि घरी आल्यावर ती दारं ओरबाडायची. अंग दमवून ही कुत्री शांत होत नाही, नाकाला काम दिलं की होते. अर्धा तास वास शोधला की दुपारभर झोपते. हे कळायला मला वर्ष लागलं, त्या वर्षाचे ओरखडे अजून दारावर आहेत.

आता ती फेब्रुवारीतली सकाळ.

पुण्याहून आलेल्या भाच्याला पॉइंट बघायचा होता. खरं तर मलाच दाखवायचा होता. रोजची वाट सोडून आम्ही वरच्या काजूंत गेलो, तिथे मोर असतात म्हणून. मोर 1972 च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षण असलेला, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत प्राण्याला हाकणं, त्याच्यामागे कुत्री सोडणं हीसुद्धा शिकारच. मला हे ठाऊक होतं. ती नुसती उभी राहील, मी लगेच बोलावून घेईन, असं मी मनाला समजावलं. तिला बांधायची 30 फुटांची दोरीही त्या दिवशी काढून ठेवली, चित्रात दिसू नये म्हणून.

जाई करवंदीच्या जाळीआड गेली आणि थिजली. धुकं होतं, अंतर पन्नासेक पावलं. उजवा पाय वर. मी मोबाइल धरला. ती किंचित हलली तेव्हा म्हणाले, "थांब." ती थांबली. भाचा कुजबुजला, "मावशी, कसली भारी!" मी पुन्हा, "थांब... शाब्बास."

ती चित्रफीत 1 मिनिट 40 सेकंदांची आहे. तेवढा वेळ तिचा पाय स्कूटरच्या क्लचवायरीत अडकलेला होता. रानडुकरासाठी बुंध्याला बांधून लावलेला फास, ओढलं की आवळणारा. तिने आवाज केला नाही. पॉइंटवर गप्प उभं राहायचं, हे दोन वर्षं मीच तिच्याकडून घोटून घेतलं होतं.

जवळ गेले तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पांढरं दिसलं. घाबरून मी तिला माझ्याकडे ओढलं, वायर आणखी रुतली. भाचा ओरडला, "मागे ने तिला, बुंध्याकडे!" तेव्हा कुठे फास सैल झाला. जखम बारीक दिसत होती. डॉक्टर म्हणाले, तारेने आतला रक्तपुरवठा तुटतो, खरं नुकसान दिसायला दिवस लागतात. सहाव्या दिवशी दोन बोटं काढली.

फास कुणाचा, ते मी फार शोधलं नाही. एका रात्रीत केळी उपटून गेलेली डुकरं मी पाहिली आहेत. पण फास लावणं हीही कायद्याने शिकारच, आणि फासाला डुक्कर, साळिंदर, कुत्री सगळं सारखंच.

मग तुमचंच खरं का? ती माझ्याकडे नसती तर तिचा पाय धड असता, हे मी नाकारत नाही. पण "फार्महाऊसवर देऊन टाक" म्हणणाऱ्यांवर मी चिडते. मी पाहिलेल्या फार्महाऊसवर असली कुत्री साखळीला असते आणि दिवसभर खुंट्याभोवती फिरते. पैसे मोजले की पिल्लू मिळतं, रोज किती वेळ देणार हे विकणारा विचारत नाही. मलाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी तेव्हाची मी छातीठोक "देईन" म्हणाले असते, आणि माझं तेव्हाचं ते उत्तर आज मला खोडता येत नाही, स्वीकारताही येत नाही.

आता मोरांच्या वाटेला जात नाही. मार्चपासून सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावरही नाही, टिटव्यांची अंडी जमिनीवर असतात. काकूंच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, आधी स्वतः फिरून जमीन बघते, मग पिसांचा पुडका लपवते.

काल संध्याकाळी तिला तो पोफळीच्या बुंध्याशी सापडला. ती थिजली, उजवा पाय वर. मी "थांब" म्हटलं नाही. चिखलात गुडघे टेकले, उरलेल्या दोन बोटांभोवती हात फिरवून तार नाही ना पाहिलं, आणि मग शाब्बास म्हणाले.