न पिकणारे गळू

चैत्र संपत आला की बीड जिल्ह्यातील माझ्या दवाखान्याच्या बाकावर गळवांनी बेजार झालेली मुले दिसू लागतात. आमच्याकडे त्यांना 'आंब्याची गळवं' म्हणतात. दोष खरे तर आंब्याचा नसून घाम, खाजवून सोललेली त्वचा आणि स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू यांचा असतो, पण ती समजूत खोडण्यात मी आता वेळ घालवत नाही. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांना सोबत खरूजही असते आणि तिचे औषध घरातील सर्वांनी एकाच दिवशी लावले नाही, तर गळवे पुन्हा येतात.

काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत एक आजी अकरा महिन्यांच्या नातवाला घेऊन तिसऱ्यांदा आल्या. बाळाच्या मांडीवर सुपारीएवढी, लालबुंद, दगडासारखी गाठ होती. "सायेब, आळशीचं पोटीस बांधून थकले, पर गळू पिकंनाच बघा," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या या एका वाक्यात निदान होते आणि ते मी आधीच्या दोन्ही वेळी ऐकूनही ऐकले नव्हते. पू म्हणजे मुख्यतः जिवाणूंशी लढून मेलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी. त्या पेशीच नसतील तर गळू पिकणार कसे?

मागच्या भेटीतला रक्ताचा अहवाल पिशवीतून निघाला. एकूण पांढऱ्या पेशी 6,200, म्हणजे त्या वयाला चालण्याजोग्या, आणि तेवढाच आकडा पाहून मी कागद परत केला होता. खालच्या ओळीत न्यूट्रोफिल 3 टक्के आणि मोनोसाइट (दुसऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) 28 टक्के असे छापलेले होते. गुणाकार केला तर न्यूट्रोफिल भरतात 186. ही संख्या 500 च्या खाली गेली की धोका गंभीर मानतात. विषाणूच्या तापातही ती काही दिवस उतरू शकते, म्हणून मी तपासणी पुन्हा केली. आकडा हलला नाही.

स्वीडनच्या उत्तरेकडील नॉरबॉटन प्रांतात रोल्फ कॉस्टमन या बालरोगतज्ज्ञाने नेमकी अशीच बाळे पाहिली होती. त्वचेवर वारंवार फोड, चिघळणारी बेंबी, हिरड्यांना सूज आणि रक्तात न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीत, असे ते चित्र होते. त्याने एकेका बाळाला सुटे न पाहता आपापसांत सोयरिकी असलेली कुटुंबे जोडून पाहिली आणि 1956 साली हा आजार आनुवंशिक, अप्रकट म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच आजार करणाऱ्या जनुकदोषाचा असल्याचे सविस्तर मांडले. निबंधाच्या शीर्षकातच त्याने या आजाराला प्राणघातक म्हटले होते, कारण तेव्हा तो तसाच होता. त्या कुटुंबांतील दोषी जनुक, एचएएक्स-1, सापडायला 2007 साल उजाडावे लागले. (याच प्रकारचा आजार दुसऱ्या जनुकांमुळेही होतो आणि तेव्हा नात्यातले लग्न असावेच लागते असे नाही.)

कॉस्टमनचे नाव मी विद्यार्थिदशेत पाठ केले होते. त्याने कुटुंबांना विचारले ते प्रश्न विचारायला मात्र मला त्या दिवसापर्यंत सुचले नाही. विचारल्यावर आजींनी सांगितले की सून म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी, आणि हिचे पहिले बाळ चार महिन्यांचे असताना "बेंबी चिघळून गेलं". मामाची मुलगी करणे आमच्या भागात आजही हक्काचे समजले जाते. आईवडील दोघेही या दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे त्या सुनेला सांगताना दोष तिच्या माहेराचा ठरू नये, याची काळजी मला औषधाच्या मात्रेपेक्षा जास्त घ्यावी लागली.

मोठ्या शहरात अस्थिमज्जेची तपासणी झाली. तिथे न्यूट्रोफिलची वाढ अर्ध्यावरच थांबलेली दिसली. अशा मुलांसाठी 1990 च्या दशकापासून जी-सीएसएफ हे इंजेक्शन मिळते आणि बहुतेकांची न्यूट्रोफिल संख्या त्याने वाढते, मात्र पुढे रक्ताच्या कर्करोगाची भीती राहते, म्हणून तपासण्या सुटत नाहीत. औषध 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागते आणि त्यांच्या वस्तीवर वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे ते माझ्या दवाखान्यातील फ्रिजमध्ये, लशींच्या शेजारी राहू लागले.

दोनेक महिन्यांनी आजी बाळाला घेऊन आल्या. दंडावर नवे गळू होते, टोकाशी पिवळे आणि मऊ. "सायेब, पिकलं बघा," असे म्हणत त्यांनी तो दंड इतक्या आनंदाने पुढे केला की बाकावरचे बाकीचे लोक चमकून आमच्याकडे पाहू लागले.