त्सुगस्पिट्झे, राइनटालच्या वाटेने: शेवटच्या चारशे मीटरांविषयी

"राइनटालची वाट लांब आहे, पण अवघड अजिबात नाही," असे म्युनिकच्या वसतिगृहात मला किमान चौघांनी सांगितले होते. त्यांपैकी तिघे त्या वाटेने कधी गेलेच नव्हते आणि चौथा झोनआल्पिनपर्यंत (माथ्याखालच्या पठारावरचे रोपवेचे ठिकाण) चालून पुढे रोपवेने माथ्यावर पोहोचला होता, हे मला परत आल्यावर कळले. एका वर्षासाठी विद्यार्थी म्हणून येथे आलेल्या आणि त्सुगस्पिट्झे हे जर्मनीतले सर्वांत उंच शिखर राइनटालच्या दरीतून पायी गाठण्याची इच्छा असलेल्या मराठी ट्रेकरांची तरी अशी दिशाभूल होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

त्सुगस्पिट्झेची उंची २९६२ मीटर आहे. गार्मिश-पार्टेनकिर्शेनच्या ऑलिंपिक स्की-स्टेडियमपासून माथ्यापर्यंतची वाट सुमारे एकवीस किलोमीटरांची असून चढ २२०० मीटरांच्या वर जातो. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची पूर्ण उंचीच १६४६ मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या चढाचा अंदाज येईल. ही वाट एका दिवसात करणारे लोक आहेत. तुम्ही ते करू नका.

माझी तयारी खरे तर ऑक्टोबरात येथे आल्यापासूनच सुरू व्हायला हवी होती. पहिल्या दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, ती मी केली. मात्र त्यानंतर नभोवाणी-शुल्काचे पत्र आले, ते जाहिरात समजून मी कचऱ्यात टाकले. हे शुल्क प्रत्येक घरामागे दरमहा १८.३६ युरो असते, घरात टीव्ही असो वा नसो, आणि वसतिगृहातली स्वतंत्र खोली बहुतेक वेळा स्वतंत्र घर धरली जाते. मार्चमध्ये सहा महिन्यांचे ११० युरो एकदम भरावे लागले आणि नव्या बुटांसाठी बाजूला काढलेले पैसे तिकडे गेले. त्यामुळे झिजलेल्या तळव्यांच्या जुन्या बुटांवर मी जुलैत या वाटेला लागले. पुढे जे झाले त्यात माझ्या या कंजुषीचाही वाटा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

पहिल्या दिवसाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पार्टनाखक्लाम ही अरुंद घळ प्रवेशशुल्क भरून ओलांडायची (आत पाणी ठिबकत असते, जाकीट वरच ठेवा) आणि नदीच्या काठाने राइनटालआंगरह्यूटे या मुक्कामाच्या ठिकाणापर्यंत चालत राहायचे. दरी सुंदर आहे. जागा आधी आरक्षित करा, झोपण्यासाठी पातळ चादरीची पिशवी न्या, रोख पैसे ठेवा. जर्मन अल्पाइन क्लबचे सदस्यत्व घेतल्यास मुक्कामाचा दर कमी होतो आणि डोंगरातल्या सुटकेच्या खर्चाचा विमाही मिळतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून क्नोरह्यूटे हे वरचे मुक्कामाचे ठिकाण गाठले. येथे बाटल्या भरून घ्याव्यात, कारण वरचे पठार चुनखडकाचे आहे. पावसाचे आणि बर्फाचे पाणी त्यातून खाली झिरपते आणि थेट खाली राइनटालमध्ये पार्टनाख नदीच्या उगमाशी बाहेर येते. पठारावर बर्फाचे पट्टे दिसतात, पण पाण्याचा ओहोळ दिसत नाही. झोनआल्पिनला पोहोचेपर्यंत चार तास झाले होते, पाय शाबूत होते आणि माथा समोर दिसत होता. वाटफलकावर लिहिलेला वेळ विश्रांती सोडून असतो, हे मला ठाऊक होते. तो घसाऱ्याचा विचार करून लिहिलेला नसावा, असे मला अजूनही वाटते.

त्या शेवटच्या सुमारे चारशे मीटरांच्या चढाची सुरुवातच घसाऱ्याने होते. आपल्याकडचा घसारा मुरमाचा असतो, बसून उतरता येतो. येथे मुठीएवढे धारदार चुनखडीचे दगड खोलवर सुटे पडलेले असतात, पाऊल टाकले की संपूर्ण थर सरकतो आणि तीन पावले चढून दीड पाऊल खाली येणे हाच हिशेब राहतो. त्यातून मधल्या दोन ठिकाणी जुने बर्फ उरले होते, वरून भुसभुशीत आणि खाली कडक. दुसऱ्या पट्ट्यावरून पलीकडे जाताना माझ्या बुटाखालचा एक दगड सुटला आणि उड्या मारत खाली चढणाऱ्या एका वयस्कर जोडप्याकडे निघाला. अशा वेळी "श्टाइन" असे ओरडायचे असते, पण माझ्या तोंडून "दगड, दगड!" एवढेच निघाले. त्या गृहस्थांनी मराठी कळल्यासारखे वर पाहिले, पत्नीला बाजूला ओढले आणि दगड त्यांच्यापासून दोन हातांवरून गेला. तो जर्मन शब्द मी आता झोपेतही विसरणार नाही. तुम्ही तो निघण्यापूर्वीच पाठ करा आणि हेल्मेट न्या.

घसारा संपला की कातळात ठोकलेली लोखंडी तार लागते. सोपे वाटते, पण दमलेल्या हातांना ती गार तार चांगलीच कापते. काठ्या आधीच दुमडून सॅकला बांधाव्यात आणि साधे हातमोजे घालावेत. दुपारनंतर ढग जमू लागले, तर या तारेजवळ मुळीच जाऊ नये. झोनआल्पिनहून माथ्यावर जाणारा रोपवे त्यासाठीच आहे, आणि त्यात बसण्यात कमीपणा नाही, असे मी आता म्हणते; त्या दिवशी मी कोणाचेही ऐकले नसते.

माथ्यावर पोहोचताच समोर चपला घालून आइस्क्रीम खाणारी माणसे दिसली आणि हसूच आले. सोनेरी क्रूस गच्चीपासून थोडा दूर असून तेथे जाण्यासाठी शिडीशी रांग असते. दहा मिनिटे रांगेत उभी राहिले, फोटो काढला, रडलेही.

आता उतरण्याबद्दल. त्याच घसाऱ्यावरून उतरण्याचा विचारही करू नये. माथ्यावर ऑस्ट्रियाची हद्दही लागते आणि तेथून एक वेगळा रोपवे एरवाल्डच्या बाजूला उतरतो, म्हणून गडबडीत चुकीच्या फलकामागे जाऊ नका. जर्मन बाजूच्या आइबझे तलावाकडचा रोपवे १९४५ मीटरांची उंची सुमारे दहा मिनिटांत उतरतो. त्याच्या एकेरी तिकिटाला माझे जेवढे पैसे गेले तेवढ्यात आदल्या रात्रीचा मुक्काम आणि जेवण दोन्ही झाले होते. रेल्वेचा मासिक पास येथे चालत नाही, तेव्हा ही रक्कम घरीच खर्चात धरा. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा.

आणि शनिवार-रविवार जाणार असाल, तर शुक्रवारीच पाव आणि दूध आणून ठेवा. रविवारी रात्री म्युनिकला पोहोचले तेव्हा सगळी दुकाने बंद होती, आणि स्थानकातल्या दुकानापर्यंत चार पावले मागे जाण्याचेही त्राण माझ्या पायांत उरले नव्हते.