तांब्याचं बूड

"तोंड लंबगोल आणि बूड सरळ? मग हा तांब्या टेबलावर बसलाय की टेबलात रुतलाय?"

सर माझ्या पाठीमागे उभे होते. मी आठवीत, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेच्या वस्तुचित्राचा सराव चाललेला. त्यांनी मला पुढे बोलावलं, तांब्या उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला. तोंडाची नुसती रेघ दिसू लागली. मग तांब्या हळूहळू खाली नेला, तसतसं तोंड उघडत गेलं. "डोळ्यांच्या जेवढं खाली, तेवढी गोलाई जास्त. आता सांग, बूड तोंडाच्या वर आहे की खाली?" मी जागेवर येऊन बूड खोडलं आणि पुन्हा काढलं. त्या दिवसापर्यंत मी घरातला तांब्या रोज हाताळत होतो, बघितला नव्हता.

त्यांना सगळी शाळा 'ड्रॉईंगचे सर' म्हणायची, मीही तेच म्हणतो. ज्याचा हात चांगला त्यानेच परीक्षेला बसावं, अशी तेव्हा समजूत होती. सरांना ती मान्य नव्हती. "हात सगळ्यांना असतो. डोळा उघडायचा असतो," असं म्हणून ते मागच्या बाकावरच्या पोरांचीही नावं यादीत घालत. आमच्याकडे उसाचं बिल आल्याशिवाय फी निघत नसे. तरी माझं नाव यादीत होतंच. फी कुणी भरली, हे मला शिपाईमामांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. पोस्टर कलरची बाटली संपली की सर तिच्यात थेंबभर पाणी घालून काडीने कडा खरवडत आणि तो रंग ज्याच्याकडे पेटी नाही त्याच्या वाटीत ओतत.

परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला द्यायचा, हा रिवाज त्या काळी सगळीकडेच होता. सर एरवी फार कमी बोलत. पण तास मागायला कुणी आलं की काखेत बोर्ड धरून वर्गाच्या दारात उभे राहत. "माझा असता तर दिला असता. तास पोरांचा आहे." मोठ्या माणसांसमोर कुणीतरी आपली बाजू घेतंय, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

नववीत एका रविवारी त्यांनी आम्हाला एसटीने औंधला नेलं. यमाईच्या डोंगरावरचं ते संग्रहालय १९३८ सालचं. ते उभारणारे भवानराव पंतप्रतिनिधी आम्हाला सूर्यनमस्कारांमुळे माहीत होते. ते स्वतः चित्रकार होते, हे तिथे कळलं. राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं, शिवाय हेन्री मूर यांचं आई आणि मुलाचं शिल्प! आपल्याच सातारा जिल्ह्यात, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. सर म्हणाले, "सगळं बघत पळू नका. प्रत्येकाने एकच निवडा आणि तिथेच थांबा." मी त्या शिल्पापुढे थांबलो. समोरून, मग डावीकडून, मग मागून. दर वेळी आई वेगळी दिसायची.

एलिमेंटरीच्या पुढच्या इंटरमिजिएट परीक्षेला मला बी ग्रेड मिळाली. पुढे आयटीआय केलं, टर्नर झालो, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातणारा कामगार. कामाला लागलो तेव्हा ड्रॉइंगचा कागद हातात आला की जॉब, म्हणजे घडवायचा भाग, वरून कसा, समोरून कसा, हे डोळ्यांपुढे आपोआप उभं राहायचं. बरोबरीच्या मुलांना तेच जड जात होतं. इंटरमिजिएटसाठी सरांनी घेतलेल्या घनभूमितीच्या तासांचं मोल मला लेथवर कळलं.

सर निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्या घरी गेलो. मी स्वतः कातलेलं पितळी बुश बरोबर नेलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, कडेवरून बोट फिरवलं, बुश टेबलावर उभं ठेवलं आणि कागद-पेन्सिल माझ्याकडे सरकवली. "काढ."

मी काढलं. त्यांनी वरचं तोंड बघितलंच नाही. थेट खाली बोट ठेवलं आणि म्हणाले, "बूड बसलं रे."