डेक किती वेळा पिसला जातो, ते आधी मोजा

डेकबिल्डिंग खेळ, म्हणजे ज्यात प्रत्येक जण खेळता खेळता पानं विकत घेऊन आपली गड्डी (डेक) घडवत जातो असा पत्त्यांचा खेळ, बनवायला घेतला की बहुतेक जण सुरुवात पानांपासून करतात. शंभर पानं, प्रत्येकाची वेगळी करामत, वर चित्रं. मग चौघं खेळायला बसतात, पाचव्या-सहाव्या फेरीलाच कोण जिंकणार ते दिसायला लागतं आणि उरलेला वेळ बाकीचे तिघं नुसती पानं ओढत राहतात. अशा वेळी दोष एखाद्या पानाच्या माथी मारला जातो. खरं तर विकत घेतलेलं पान डाव संपेपर्यंत किती वेळा हातात येणार, हेच कुणी मोजलेलं नसतं.

या प्रकाराचा साचा 2008 साली डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांच्या ‘डॉमिनियन’ने घालून दिला. प्रत्येकाकडे सुरुवातीला 10 पानं: 7 पानं एकेका नाण्याची आणि 3 पानं (शेवटी मोजायच्या) गुणांची, जी हातात आली तर काहीच कामाची नाहीत. हात 5 पानांचा. पाळी संपली की हातातलं सगळं बाजूच्या ढिगात टाकायचं, विकत घेतलेलं पानही त्याच ढिगात, आणि नवी 5 उचलायची. उचलायची पानं संपली की टाकलेला ढीग पिसून पुन्हा डेक तयार.

आता यावर हिशेब मांडा. दर पाळीला एक पान विकत घेतलं, जास्तीची पानं उचलली नाहीत आणि एकही डेकमधून कायमचं बाद केलं नाही असं धरा. डेक पहिल्यांदा पिसला जातो तिसऱ्या पाळीचा हात उचलताना. त्यानंतर पाळी 5, 7, 10, 13 आणि 17 चे हात उचलताना. म्हणजे पहिल्या दोन पाळ्यांत घेतलेलं पान 16 पाळ्यांच्या डावात जवळपास 5 वेळा हातात येतं. नवव्या पाळीला घेतलेलं 2 वेळा, बाराव्या पाळीला घेतलेलं फार तर एकदा. तेराव्या पाळीपासून पुढे घेतलेलं पान त्या डावात दिसतच नाही. एका नाण्याची जास्तीची कमाई देणारं 3 नाण्यांचं पान सुरुवातीला घेतलं तर 5 नाणी परत देतं, बाराव्या पाळीला घेतलं तर जेमतेम 1. हे चक्रवाढ व्याज आहे, आणि पानांच्या किमती ठरवताना त्याचा दर आपल्या हातात असतो.

म्हणून पानं लिहिण्याआधी कागदावर ही पाळ्यांची ओळ काढा. तुमचा डाव 10 पाळ्यांचा असेल तर चौथ्यांदा पिसलं की तो संपलाच, आणि तिथे ‘हळूहळू फळ देणारं’ पान म्हणजे सापळा. डाव 25 पाळ्यांचा असेल तर सुरुवातीचं एक नशीबवान पान सगळं ठरवून टाकतं. चौघांच्या खेळाला 14 ते 18 पाळ्या मानवतात असं माझं मत आहे.

सुरुवातीच्या नशिबाचंही गणित सोपं आहे. 7 नाणी आणि 3 रिकामी पानं पिसली की पहिल्या दोन हातांत नाणी बहुधा 4 आणि 3 अशी विभागून येतात. 5 आणि 2 अशी विभागणी सहातून एकदा होते. ऐकायला कमी वाटतं, पण चौघांपैकी निदान एकाला ती मिळण्याची शक्यता 52 टक्के आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त डावांत कुणीतरी पहिल्या दोन पाळ्यांतच 5 नाण्यांचं पान घेऊ शकतो आणि इतरांना ते जमत नाही. तुमच्या खेळात 5 नाण्यांची पानं 4 वाल्यांपेक्षा खूपच सरस असतील तर डाव तिथेच कलतो. उपाय दोन आहेत. किमतींतली तफावत हळूहळू चढती ठेवा आणि 2 नाण्यांत घेण्यासारखं काही फारसं ठेवू नका, म्हणजे ज्याला 5 मिळाले त्याची दुसरी पाळी जवळजवळ वाया जाईल. किंवा पहिले दोन हात सगळ्यांना ठरवून द्या: आधी 4 नाणी, मग 3. दुसरा उपाय नीरस वाटतो, पण स्पर्धेसाठीच्या खेळात तोच बरा.

पान कायमचं बाद करण्याची सोय मात्र सगळ्यात जपून लिहायला हवी. डॉमिनियनमधलं चॅपल हे पान फक्त 2 नाण्यांना मिळतं आणि एका वेळी 4 पानं बाद करतं. 12 पानांच्या डेकमधून 4 गेली की 8 उरतात. मग प्रत्येक पान दोन पाळ्यांच्या आत पुन्हा हातात. वर मांडलेला हिशेब त्या खेळाडूपुरता पार बदलतो, आणि ज्याने हे ओळखलं नाही त्याला आपण का हरलो तेही कळत नाही. नवख्यांना आपलं पान फेकून देणं तोट्याचं वाटतं, त्यामुळे जाणकार आणि नवखा यांच्यातली सगळ्यात मोठी दरी इथेच पडते. एका पाळीत एकच पान बाद करता येईल अशी मर्यादा घाला. ती सोय बाजारात (म्हणजे विकत घ्यायची पानं मांडलेली असतात तिथे) कुणाच्या तरी नशिबाने उघडणाऱ्या पानावर ठेवू नका, सगळ्यांना कायम उपलब्ध असू द्या.

बाजाराचे दोन प्रकार. डॉमिनियनमध्ये 10 ढीग, प्रत्येकात एकसारखी 10 पानं (गुणांच्या पानांचे ढीग सोडून), सगळं समोर मांडलेलं. दुसरा प्रकार म्हणजे एका मोठ्या गड्डीतून 5 किंवा 6 पानांची ओळ, एक गेलं की नवं उघडायचं. ही ओळ रंगतदार असते, पण चौघांत ती दगा देते. तुम्ही 5 पानांच्या ओळीतलं एक मनाशी ठरवता, मधले तिघं एकेक उचलतात, आणि तुमची पाळी येते तेव्हा जुन्यांपैकी दोनच उरलेली असतात. आधी विचार करून ठेवण्यात अर्थच राहत नाही, म्हणून प्रत्येक जण आपल्या पाळीलाच विचार करत बसतो. चौघांसाठी ओळ 7 पानांची करा. नवं पान लगेच उघडू नका, पाळी संपल्यावर उघडा. नाहीतर प्रत्येक खरेदीनंतर नवा पर्याय समोर येतो आणि पाळी लांबते.

ओळीत स्वस्त पानं किती येतील तेही तपासा. 80 पानांच्या गड्डीत 3 किंवा कमी किमतीची 24 पानं असतील तर सुरुवातीच्या 5 पानांत एकही स्वस्त पान नसण्याची शक्यता 16 टक्के आहे. स्वस्त पानं 32 केली की ती 7 टक्क्यांवर येते. एवढ्यानेही काम पुरतं भागत नाही, म्हणून बाजूला एक कायमचा ढीग लागतोच. ‘स्टार रेल्म्स’ या खेळात (2014) 5 पानांच्या ओळीशेजारी 2 किमतीच्या ‘एक्सप्लोरर’ पानांचा ढीग असतो, तो याचसाठी.

आता हल्ल्याची पानं. दोघांत खेळताना ठीक वाटणारं पान चौघांत खेळ नासवतं, आणि बऱ्याचदा कारण नियमाच्या शब्दांत असतं. ‘इतर प्रत्येकाने 2 पानं टाकावीत’ असं लिहिलं आणि मधल्या तिघांनी ते पान खेळलं तर तुमच्या 5 पानांचा हात तुमची पाळी यायच्या आधीच संपलेला असतो. ‘हातात 3 पानं उरेपर्यंत टाकावीत’ असं लिहिलं तर पहिला हल्ला लागतो आणि पुढचे दोन वाया जातात. डॉमिनियनमधलं मिलिशिया असंच लिहिलेलं आहे. निरुपयोगी पानं दुसऱ्याच्या डेकमध्ये घालणाऱ्या हल्ल्यांना ढिगाची मर्यादा हवी. डॉमिनियनमध्ये अशी शापाची पानं दोघांत 10, तिघांत 20, चौघांत 30 असतात, म्हणजे दर प्रतिस्पर्ध्यामागे 10. ‘कोणत्याही एका खेळाडूवर’ असा हल्ला मी चौघांच्या खेळात ठेवणार नाही. तो दोनपैकी एका वाटेने जातो: सगळे मिळून पुढे असलेल्याला झोडपतात, नाहीतर हरलेला माणूस रागापोटी विजेता ठरवतो. हल्ला सगळ्यांवर असावा किंवा फक्त डावीकडच्यावर.

पुढे असलेल्याला रोखण्याचा त्याहून चांगला मार्ग गुणांच्या पानांतच आहे. गुणांचं पान हातात आलं की जागा अडवतं आणि काही देत नाही. ते तिसऱ्या पाळीला घेतलं तर डावभर चार वेळा हाताची जागा खातं, बाराव्याला घेतलं तर फार तर एकदा, पण गुण तेवढेच. त्यामुळे जो आघाडी घेतो त्याचाच डेक जड होत जातो, आणि ‘आता कमाई सोडून गुण घ्यायला लागू का’ हा प्रश्न डावात खरी चुरस आणतो. गुण वेगळ्या ठोकळ्यांनी मोजायचे ठरवलेत तर हा लगाम नाहीसा होतो, दुसरा काहीतरी घालावा लागेल.

वाट बघण्याचा वेळ हाही न्यायाचाच भाग आहे. पाळी 45 सेकंदांची असेल तर चौघांत 16 फेऱ्या 48 मिनिटांत होतात आणि दोन पाळ्यांमध्ये सव्वादोन मिनिटं बसावं लागतं. पाळी 90 सेकंदांची झाली की डाव 96 मिनिटांचा आणि बसणं साडेचार मिनिटांचं. पाळी लांबवणारी पानं ठरलेली असतात: ‘2 पानं उचल, आणखी एक पान खेळ’. असं पान हवं, पण एका डावात त्याचे एक-दोनच प्रकार पुरेत. आणि पुढचा हात आपली पाळी संपतानाच उचलायचा, म्हणजे पिसणं आणि विचार दोन्ही इतरांच्या वेळात होतात.

शेवट कसा होतो यावर पहिल्या जागेचा फायदा ठरतो. डॉमिनियनमध्ये मोठ्या गुणांचा ढीग किंवा कोणतेही तीन ढीग संपले की त्याच पाळीला डाव थांबतो, म्हणून पहिल्याला एक पाळी जास्त मिळू शकते. बरोबरी झाली तर कमी पाळ्या खेळलेला जिंकतो. फेरी पूर्ण करायचा नियम केला तर पाळ्या समान होतात, पण शेवटच्याला सगळं दिसत असताना खेळायला मिळतं. मला तरीही फेरी पूर्ण करणंच पटतं. स्टार रेल्म्सची वाट वेगळी: पहिला खेळाडू पहिल्या पाळीला 5 ऐवजी 3 पानं उचलतो. तिसऱ्या आणि चौथ्या जागेला भरपाई म्हणून एक नाणं द्यायचं असेल तर ते डेक एकदा पिसून झाल्यावरच वापरता येईल असं लिहा. नाहीतर 4 आणि 3 ची सुरुवात 5 आणि 3 होते, आणि भरपाईच भारी पडते.

नमुना बनवायला फार लागत नाही. 63 × 88 मिलिमीटरची 9 पानं एका ए-4 कागदावर बसतात. चौघांसाठी सुरुवातीची 40, नाण्यांची 30, गुणांची 24 आणि बाजाराची 80 मिळून 174 पानं, म्हणजे 20 कागद. साध्या कागदावर छापा, कापा, आणि जुन्या पत्त्यासोबत प्लास्टिकच्या कव्हरात सरकवा. कव्हर नसेल तर पिसून पिसून कडा दुमडतात, पानं पाठीमागून ओळखू येतात आणि चाचणीचा काही उपयोग राहत नाही.

चाचणीत एका खेळाडूला फक्त नाणी आणि गुण घ्यायला सांगा, बाकी कशाला हात लावायचा नाही. जाणकार मंडळी याला ‘बिग मनी’ म्हणतात. तो वारंवार जिंकत असेल तर तुमची करामतीची पानं महाग आहेत. आठव्या पाळीनंतर कोण पुढे आहे ते लिहून ठेवा. चौघांत तोच दहापैकी आठ डाव जिंकत असेल तर सुरुवातीची पानं स्वस्त आहेत, चार-पाच जिंकत असेल तर ठीक. जागेनुसार विजयही नोंदवा, पण घाईने निष्कर्ष काढू नका. 40 डावांत प्रत्येक जागेला सरासरी 10 विजय यायला हवेत आणि 5 ते 15 पर्यंतचा फरक निव्वळ नशिबानेही पडतो. पहिल्या जागेचे 16 किंवा जास्त झाले तर भरपाईचा नियम बदला, आणि चाचणीच्या त्या फेरीत पानांच्या किमतींना हात लावू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.