ऑफिसचा कॉम्प्युटर घरून वापरायचाय? निघण्याआधी एवढं करा

घरून जोडणी होत नाही तेव्हा बहुतेक वेळा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दूरचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावर चालवण्याची विंडोजची सोय, बिघडलेला नसतो. तिकडचं मशीन झोपलेलं असतं. म्हणून आयटी विभागाची परवानगी घेतली की आधी पॉवर सेटिंग्ज उघडा आणि 'स्लीप' कायमचं 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तरी चालते. वीज जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं, यासाठी बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशाच नावाचा पर्याय असतो, तोही चालू करून ठेवा. पण बिटलॉकरचा (विंडोजच्या डिस्क-कुलुपाचा) स्टार्टअप पिन असेल तर मशीन तो पिन मागणाऱ्या निळ्या पडद्यावरच अडून बसतं, आणि तिथे घरून काहीच करता येत नाही.

विंडोज होम आवृत्तीवरून दुसऱ्या मशीनला जोडता येतं, पण होम असलेल्या मशीनवर बाहेरून येता येत नाही. त्यासाठी तिकडे प्रो, एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन हवं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप या वाटेने जाऊन बटण चालू करा. 'नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन'ची (जोडणीआधीच ओळख तपासण्याची) खूण काढू नका. रोज पिन टाकून लॉगिन करणारे इथे हमखास अडतात: इथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि पासवर्डच नसलेलं खातं विंडोज आत घेत नाही. ऑफिसच्या राउटरमध्ये या मशीनचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) राखून ठेवा, नाहीतर तो कधीतरी बदलेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं नेटवर्कवरचं दार, थेट इंटरनेटला उघडा करू नका, कोणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी. २०१९ मध्ये उघडकीला आलेल्या 'ब्लूकीप' त्रुटीत पासवर्ड माहीत नसतानाही जुन्या विंडोजवर बाहेरून कोड चालवता येत होता. पोर्टचा आकडा बदलून फारसं काही साधत नाही, स्कॅनर तोही शोधतात. व्हीपीएन लावा, म्हणजे घर आणि ऑफिस यांच्यामधला इंटरनेटवरचा सुरक्षित बोगदा. वायरगार्ड नावाच्या व्हीपीएनला एकच यूडीपी पोर्ट पुरतो, बहुधा ५१८२०, आणि योग्य किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही.

व्हीपीएन 'जोडलं' म्हणतं, तरी मशीन सापडत नाही? दोन्हीकडचे पत्ते बघा. घरचा राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देतो आणि ऑफिसचाही तेच, असं फार वेळा होतं. मग तुम्ही १९२.१६८.१.२५ ला हाक मारली की तुमचा लॅपटॉप तो पत्ता घरातच शोधतो, बोगद्याकडे वळतच नाही. सरळ उपाय म्हणजे घरच्या राउटरची मालिका बदलणे, उदाहरणार्थ १९२.१६८.७३. ते जमत नसेल तर लॅपटॉपवरच्या वायरगार्डमध्ये 'अलाउड आयपीज'च्या रकान्यात १९२.१६८.१.२५/३२ लिहा; /३२ म्हणजे फक्त हा एकच पत्ता. नेमका मार्ग मोघम मार्गाच्या आधी धरला जातो, त्यामुळे तेवढाच पत्ता बोगद्यातून जातो. घरात त्याच पत्त्याचं दुसरं काही नसलं म्हणजे झालं.

पिंगला (मशीन जागं आहे का हे विचारणाऱ्या हाकेला) उत्तर आलं नाही म्हणून हताश होऊ नका. फायरवॉल पिंग अडवतो आणि रिमोट डेस्कटॉप सोडतो, असंही असतं. विंडोजच्या पॉवरशेल या कमांड-खिडकीतल्या 'टेस्ट-नेटकनेक्शन'ला पत्ता आणि ३३८९ पोर्ट देऊन तपासा. तिथे 'ट्रू' आलं तर रस्ता मोकळा आहे, मग अडचण पासवर्डची किंवा खात्याच्या परवानगीची. खातं ॲडमिनचं नसेल तर त्याला 'रिमोट डेस्कटॉप यूझर्स' गटात घालावं लागतं.

ही सगळी चाचणी ऑफिसातूनच करा, पण लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ठेवून. ऑफिसच्याच वायफायवरून जोडणी झाली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. एकदा मशीन रीस्टार्ट करा, त्याला हात न लावता पुन्हा जोडून बघा, आणि मगच निघा.

घरून काम संपल्यावर रिमोट डेस्कटॉपची खिडकी नुसती बंद केली की आतले प्रोग्राम चालूच राहतात. शटडाउन मात्र करू नका. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट तुमच्याच लॅपटॉपला लागू होतं, तिकडच्या मशीनसाठी कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबा.